महिन्याभराच्या वाचनाबद्दल

प्रिय मित्रा,

डिसेंबरसाठी केलेली तुझी यादी वाचली. एका महिन्यात अकरा पुस्तकं, आणि त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही! तुझी हौस पाहून आनंद झाला, पण मी या यादीला कात्री लावणार आहे. महिन्याला दोन पुस्तकं पुरेत. त्यातलंही एकच तू ठरव, दुसरं पहिल्या पुस्तकालाच सुचवू दे.

सुरुवात विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ने कर. पेणजवळच्या वरसईचा हा कर्जबाजारी भिक्षुक. ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळणार, असं कानावर आलं म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाला आणि ऐन बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरातच होता. तो इतिहास लिहायला बसलेला नाही. लुटला जातो, जीव मुठीत धरून पळतो, आणि एवढ्या सगळ्यातून आईवडिलांसाठी गंगेची कावड घरी आणतो. राणीचं शौर्य तू शाळेत वाचलं आहेस. वेढ्यातल्या साध्या माणसाची भीती इथे वाच.

ग्रंथपालांकडे आवृत्ती मात्र विचारून घे. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये हे पुस्तक पहिल्यांदा छापलं तेव्हा मजकुरात बरेच फेरफार केले होते. पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती काढली. ती मिळाली तर तीच घे. भाषा जुनी आहे, म्हणून पहिली काही पानं मोठ्याने वाच. कानाला वळण लागलं की पुढे अडणार नाही. शेजारी नकाशा असू दे. ग्वाल्हेर, झाशी, काल्पी ही ठिकाणं बोटाने शोधत गेलास की पायी चाललेलं ते अंतर अंगावर येतं.

हे वाचून झालं की तुझ्या मनात येईल, बंड मोडल्यावर मागे राहिलेल्या घरांचं काय झालं? तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र उघड. सुरुवातीलाच सत्तावन्नच्या बंडापायी फाशी गेलेले आजोबा भेटतात, आणि त्यानंतर वडिलांच्या डोक्यात शिरलेलं सोवळ्याचं वेड. मीठसुद्धा धुऊन घेणारं ते घर त्या मुलीच्या नजरेतून पाहताना हसू येतं आणि पोटात कालवतं. मला मराठीत याच्या तोडीचं गद्य फार थोडं दिसतं. संक्षिप्त आवृत्ती घेऊ नकोस. पूर्ण पुस्तक जाड आहे, जानेवारीत गेलं तरी जाऊ दे.

वेळेचं म्हणशील तर रोज एकच वेळ धर, रात्री जेवणानंतरची बरी. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू दे. एक वही ठेव, पण तीत सारांश उतरवत बसू नकोस. अडलेला शब्द, पान क्रमांक आणि मनात आलेला प्रश्न, बस्स. शेवटच्या आठवड्यात नवं काही हातात घेऊ नकोस. वहीतले प्रश्न काढ आणि ती पानं पुन्हा वाच.

गोडसे झाशीतून बाहेर पडतात ते प्रकरण संपलं की मला लिही. त्यावर तुझ्याशी बोलायचं आहे.

तुझा,
सर