चुनखडी की चुनखडक, आणि जीवाश्म म्हणजे दगड का?

प्रश्न असा आहे की तामिळनाडूतल्या अरियलूरवर मराठीत लेख लिहायचाय, तर तिथल्या फॉसिलवाल्या लाइमस्टोनला 'जीवाश्म चुनखडी' म्हणायचं की 'चुनखडक', आणि लेयरला थर की स्तर?

मी तरी चुनखडक म्हणेन. चुनखडी चूक नाहीये, बोलताना लोक खडक आणि खडे दोन्हीला तेच म्हणतात, पण आपल्याकडे शेतकऱ्याला चुनखडी म्हटलं की जमिनीतले पांढरे खडे आठवतात, म्हणजे 'रान चुनखडीचं आहे, संत्र्याची पानं पिवळी पडतात' त्यातली चुनखडी. आणि शब्दातली ही खडी रस्त्यावरची नव्हे बरं का, संस्कृतात खटिका म्हणजे खडू, त्या घरातली. अरियलूरला खड्यांचा प्रश्नच नाही, तिथे खाणीच्या भिंतीच्या भिंती आहेत, सिमेंटचे कारखाने त्यावर चालतात, मग खडक म्हणायला काय हरकत? (घरातली शहाबादी फरशीही चुनखडकच, पण तिला तसं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. तिच्यात शिंपले मात्र शोधू नका.)

आता जीवाश्म. हा शब्द जरा फसवतो. शाळेत वालुकाश्म, पंकाश्म शिकलेलो असतो, ते खडकांचे प्रकार, म्हणून जीवाश्म पण एक खडकच असं वाटतं आणि मग कुणीतरी 'जीवाश्म खडक सापडला' लिहून जातं. जीवाश्म म्हणजे खडकात राहिलेली जीवाची खूण, मग ते शिंपल्याचं कवच असो, हाड असो की नुसता पायाचा ठसा, त्यातलं सगळंच काही दगड झालेलं नसतं. शब्दशः दगड झालेलं बघायचं तर तिथून जवळच सातनूरला जा, १९४० साली भूवैज्ञानिक एम. एस. कृष्णन यांना सापडलेलं सुमारे १८ मीटर लांब खोड आहे, लाकडाची जागा सिलिकाने, म्हणजे वाळूतल्या खनिजाने, घेतलीये. जमिनीवरचं झाड वाहत समुद्रात गेलं आणि तळच्या गाळात पुरलं गेलं. तमिळ लोक त्याला सरळ कल्मरम म्हणतात, कल म्हणजे दगड, मरम म्हणजे झाड, झालं काम! आपण 'अश्मीभूत काष्ठ' लिहून वाचकाला पळवून लावतो. 'दगड झालेलं झाड' लिहा की.

अरियलूरच्या खडकात अमोनाइट, म्हणजे गुंडाळीदार कवचाचे नामशेष समुद्री जीव, भरपूर आहेत. लेखात कंसात खुलासा नकोच, 'शाळिग्रामातल्या चक्रासारखा' एवढं म्हटलं तरी देव्हारा असलेल्या माणसाला कळतं, कारण नेपाळातल्या गंडकी नदीचा शाळिग्राम म्हणजे बहुतेकदा अमोनाइटच. फक्त अरियलूरचे अमोनाइट म्हणजेच शाळिग्राम असं लिहू नका, शाळिग्राम हिमालयातले, वयानेही मोठे.

थर की स्तर? 'स्तरित खडक' ही संज्ञा पाठ्यपुस्तकात रुळलीये, ती राहू दे, पण एरवी स्तर म्हटलं की हल्ली जिल्हास्तरीय स्पर्धाच डोळ्यासमोर येते, म्हणून थर. दहीहंडीसारखं, खालचा आधी लागतो. तिथे खडकांचे तीन गट आहेत, खाली उत्तातूर, मध्ये तिरुची, वर अरियलूर अशा नावांचे, तिन्ही क्रिटेशियस, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या काळातल्या समुद्राचा गाळ. म्हणजे वाक्य असं करता येईल, 'अरियलूरच्या शिंपल्यांनी भरलेल्या चुनखडकाचे थर'. जीवाश्म हा शब्दही लागत नाही.