कोळी, सुरवंट आणि मेरियनबाई

प्रश्न : सतराव्या शतकातल्या जर्मन चित्रकार मारिया सिबिला मेरियन यांच्या एका चित्रात भलामोठा कोळी हमिंगबर्डला खाताना दिसतो. हे चित्र म्हणजे थाप होती, असं वाचनात आलं. मग त्यांना निसर्ग-अभ्यासक म्हणायचं, की चांगली चित्रकार म्हणून सोडून द्यायचं?

उत्तर : आधी कोळ्याचं बघू. पेरूच्या झाडाच्या फांदीवरचा तो केसाळ कोळी मेरियनबाईंच्या, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या कीटकांवरील १७०५ च्या ग्रंथात आहे. १९ व्या शतकात काही विद्वानांनी त्याची यथेच्छ टर उडवली. मग हेन्री बेट्स हे इंग्रज निसर्ग-अभ्यासक ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेले. तिथल्या कामेता गावाजवळ एका खोडाच्या भेगेवर त्यांना दाट पांढरं जाळं दिसलं, खालून फाटलेलं. त्यात दोन चिमुकले पक्षी. एक मेलेला, दुसरा कोळ्याच्या अंगाखाली, धुगधुगी असलेला. बेट्स यांनी १८६३ मध्ये हे छापलं आणि त्या टवाळीतली हवाच गेली. बाईंचं सगळंच बरोबर होतं असंही नाही हं. लांब डोक्याच्या एका किड्याच्या उजेडात वर्तमानपत्र वाचता येतं, असं त्या लिहून गेल्यात; तो किडा मुळात चमकतच नाही.

पण माझ्या मते त्यांची खरी कमाई कोळी नव्हे, सुरवंट. १६४७ मध्ये फ्रँकफुर्टला जन्मलेल्या या मुलीने तेराव्या वर्षी रेशीमकिडे पाळले आणि मग दिसेल ती अळी घरी आणायला लागली. किडे चिखलातून आपोआप उपजतात, असं तेव्हा भलेभले मानत. खरं काय ते बघायला अळी पाळावी लागते, आणि ते किती कटकटीचं, हे पाळून बघा म्हणजे कळेल. हवं तेच पान, तेही ताजं. दुसरं ठेवलं तर कित्येक अळ्या उपाशी मरतील, पण तोंड लावणार नाहीत. डबीत लेंड्यांचा खच. कात टाकायच्या वेळी नुसती ढिम्म. हे वर्षानुवर्षं केल्यावर कोणती अळी कोणत्या झाडाची, ते बाईंना पाठच झालं. १६७९ च्या सुरवंटांच्या पुस्तकात त्यांनी अळी, कोश, फुलपाखरू आणि अळीचं खाद्यझाड एकाच पानावर आणलं. कधी कोशातून फुलपाखराऐवजी अळीवर पोसलेल्या माश्याच निघायच्या. त्याही त्यांनी काढून ठेवल्या! याला अभ्यास नाही तर काय म्हणायचं?

प्रश्न : त्या सुरिनामला कोणाच्या पैशाने गेल्या?

उत्तर : स्वतःच्या. चित्रं विकून पैसा उभा केला आणि १६९९ मध्ये, ५२ व्या वर्षी, धाकट्या लेकीला, डोरोथेआला घेऊन ॲमस्टरडॅमहून निघाल्या. नवऱ्याला केव्हाच सोडलं होतं. तिकडचे मळेवाले हसायचे, साखर सोडून ही बाई किडे काय शोधते म्हणून. रान तोडून वाट काढून देणारे मात्र गुलाम होते. ग्रंथात त्यांचा उल्लेख येतो, नावं येत नाहीत; मला ते खटकतं. एक नोंद तेवढी वाचाच. आपण ज्या फुलझाडाला शंखासुर म्हणतो, त्याच्या बिया गुलाम बायका गर्भ पाडायला घेत, पोरं गुलामगिरीत जन्मू नयेत म्हणून. त्या बायकांनीच आपल्याला हे सांगितलं, असं मेरियनबाई लिहितात. पुढे तब्येत ढासळली आणि १७०१ मध्ये त्या परतल्या.

प्रश्न : त्यांचं चित्र नोटेवर होतं, हे खरं का?

उत्तर : खरं. युरो येण्याआधीच्या जर्मनीच्या ५०० मार्कांच्या नोटेवर. मागच्या बाजूला सुरवंटही आहे. कोणाच्या संग्रहात ती असलीच, तर जर्मनीची मध्यवर्ती बँक आजही युरोत बदलून देते. मी असतो तर दिली नसती.