वर्गातल्या मुलाच्या वर्तनाची बेसलाइन तीन दिवसांत होते का?

बेसलाइन म्हणजे उपाय सुरू करण्याआधी मुलाचं नेहमीचं वर्तन मोजून ठेवणं. ती तीन दिवसांत झाली का, हे तुम्ही तुमच्या अभ्यासासाठी विचारलंत. तुमचे आकडे असे: तिसरीतला मुलगा गणिताच्या तासाला बाकावरून सोमवारी १४ वेळा उठला, मंगळवारी ९, बुधवारी ५. वर्गाच्या बाई म्हणतात, गुरुवारपासून जागेवर बसल्याबद्दल स्टार द्यायला लागू. मला विचाराल तर इतक्यात नको. आलेखाची रेषा आधीच खाली चालली आहे. उद्या ३ आले तर ते स्टारमुळे की असंही झालंच असतं, याला व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, उत्तर नसेल.

ती रेषा बहुधा तुमच्यामुळेच उतरतेय. वर्गात नवं माणूस वही घेऊन बसलं की पोरं आधी चेकाळतात, मग सरावतात. मी आता पहिले दोन-तीन दिवस नुसती मागे बसून राहते, ते आकडे धरतच नाही.

दिवसांचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाऊसने (शिक्षणातलं संशोधन तपासणारा सरकारी उपक्रम) २०१० साली एकाच मुलावरच्या अशा अभ्यासांसाठी निकष काढले. त्यात प्रत्येक टप्प्यात, म्हणजे बेसलाइनला आणि उपायालाही, किमान ५ नोंदी लागायच्या. ३ किंवा ४ असल्या तर अभ्यास आक्षेपासह मान्य. पण पाच नोंदी होऊनही रेषा घसरत असेल तर स्टार सुरू न करता थांबायचंच. उलट ती वर चढत असेल तर खुशाल सुरू करा, कारण तुम्हाला ती खाली आणायची आहे.

आणि ‘उठणे’ म्हणजे नक्की काय? वही दाखवायला गेला तर? बाकावरच गुडघ्यावर बसला तर? हे आधी लिहून काढा. मग मैत्रिणीला निदान दर पाचव्या तासाला सोबत बसवा, दोघींनी वेगवेगळं मोजा. ८० टक्क्यांच्या खाली जुळलं तर दोष बहुतेक व्याख्येत असतो. नुसत्या बेरजा जुळवू नका. तुमचे दहा आणि तिचे दहा वेगवेगळे असू शकतात. मिनिटा-मिनिटाचे रकाने करून ताडा.

माझ्या पहिल्या प्रबंधात मी शनिवारची सकाळची शाळा इतर दिवसांत मिसळली होती. तास छोटे, अर्धा वेळ कवायत. आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसायचा आणि मी मुलाला ‘अस्थिर’ ठरवून मोकळी! म्हणून तोच विषय, तीच वेळ ठेवा, आणि आकडा दर दहा मिनिटांमागे काढा.

मूल स्वतःचं डोकं आपटत असेल किंवा दुसऱ्यांना मारत असेल, तर मात्र बेसलाइन लांबवत बसायचं नाही. तुमचा मुलगा फक्त उठतोय. बाईंना म्हणावं, स्टार पुढच्या आठवड्यापर्यंत कपाटात राहू देत.