मीडिया एथिक्सचं ट्रेनिंग घेऊन खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही तालुक्याला बातमीदारी करता, संपादक दोन दिवसांच्या एथिक्स वर्कशॉपला पाठवतायत, आणि तुमचा प्रश्न असा की तिथे काही शिकायला मिळतं का नुसतं सर्टिफिकेट आणि जेवण. जेवण चांगलं असतं, हे आधीच सांगतो.

मी एका जिल्हा दैनिकात क्राइम बघतो. मलाही वाटायचं हे पुण्या-मुंबईवाल्यांचे लाड आहेत, आपल्याला एफआयआर मिळते सातला आणि डेस्कला, म्हणजे बातम्या तपासून हेडिंग देणाऱ्यांना, कॉपी हवी असते साडेआठला, त्यात एथिक्स कुठे बसवायचं. पण आमच्या वर्कशॉपला ज्या मॅडम होत्या त्या स्वतः अनेक वर्षं डेस्कवर काढलेल्या, त्यांनी आधीच निरोप धाडला होता की प्रत्येकाने आपल्या छापून आलेल्या पाच बातम्या घेऊन यायचं. मी मारे बायलाइनवाल्या, म्हणजे वर माझं नाव छापलेल्या, निवडून नेल्या.

त्यात एक पोक्सोची होती, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालची. मुलीचं नाव दिलं नव्हतं म्हणून मी बिनधास्त. मॅडमनी ती सगळ्यांसमोर वाचली, गावाचं नाव, मुलगी नववीत, वडील गावच्या सोसायटीत शिपाई, आणि मला विचारलं, त्या सोसायटीत शिपाई किती आहेत हो? एकच. मग नाव लपवून मी काय लपवलं होतं? पोक्सोच्या कलम 23 मधे नाव तर आहेच, पण पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, राहता परिसर, ज्याच्यावरून मूल ओळखू येईल ते काहीच छापता येत नाही, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 2018 ला जम्मूकडच्या कठुआतल्या लहान मुलीच्या अत्याचार-खुनाच्या केसमधे तिची ओळख उघड केली म्हणून दिल्ली हायकोर्टाने मोठमोठ्या मीडिया हाउसेसना प्रत्येकी 10 लाख भरायला लावले होते, ती बातमी मी वाचलेली होती हो, पण माझ्या चार कॉलमी बातमीचा आणि तिचा काही संबंध असेल असं डोक्यात आलंच नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसरा दिवस आत्महत्येच्या बातम्यांचा. वर्तमानपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने 2019 मधे यावर गाइडलाइन्स स्वीकारल्यात, पद्धत लिहू नका, जागेचे तपशील नकोत, भडक हेडिंग नको, फोटो नको वगैरे. इथे मी मॅडमशी भांडलो. म्हटलं शेतकऱ्याची बातमी असेल आणि मी कर्ज लिहिलं नाही तर बँक आणि सरकार दोघं सुटले की. त्या म्हणाल्या कर्ज जरूर लिही, सावकार लिही, पीकविमा का मिळाला नाही ते कागद काढून लिही, फक्त ‘कर्जाला कंटाळून’ हे दोन शब्द हेडिंगमधे टाकून मोकळा होऊ नकोस, आणि खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर दे. मला हे अजून शंभर टक्के पटलेलं नाही, पण तेव्हापासून ‘कंटाळून’ लिहिताना हात अडतो.

आता जे कोणी सांगत नाही ते. परत आल्यावर आठवड्याभरात एका आत्महत्येच्या बातमीत मी पद्धत गाळली, तर डेस्कवरच्या पोराने पोलीस ठाण्याला फोन लावून ती विचारून घेतली आणि वर चौकट करून टाकली, वेबवाल्यांनी तर थंबनेलच तेच केलं. त्यांची चूक तरी काय म्हणणार, वर्कशॉपला मी एकटा गेलो होतो, हेडिंग देणारे तिघं ऑफिसातच होते!

तेव्हा संपादकांना सांगा की डेस्कवरचा एक आणि वेबचा एक बरोबर द्या. नाही दिले तरी तुम्ही जा, आणि माझ्यासारख्या बायलाइनवाल्या बातम्या नेऊ नका, ज्या छापून आल्यावर कुणाच्या तरी घरून रडत फोन आला होता त्या न्या.