समुद्र कलंडलाय, सरळ करू का?

प्रश्न : मुरूडच्या किनाऱ्यावर सूर्यास्त टिपला, पण क्षितिज तिरकं आलंय. सरळ करायला गेले की कोपऱ्यातली होडी कापली जाते. काय करू?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : ताई, कल एक-दोन अंशांचा असेल तर सरळ कराच. एवढासा कल मुद्दाम केलेला वाटत नाही, चूकच वाटते; पाणी आता सांडेल असं होतं. पण ३:२ च्या (रुंदी तीन भाग, उंची दोन भाग) फोटोत २ अंश फिरवलं की जवळपास दहावा भाग जातो. तुमची होडी त्यातच गेली. फोटो फिरवा, कापू मात्र नका. रिकामे राहिलेले आकाशाचे, वाळूचे त्रिकोण क्लोन करून, म्हणजे शेजारच्याच भागाची नक्कल तिथे उमटवून, भरा. मी हल्ली टिपतानाच चारी बाजूंनी जागा सोडतो.

आणि हो, किनाऱ्याची रेघ म्हणजे क्षितिज नव्हे! राजपुरीच्या धक्क्यावरून काढलेल्या फोटोत मी एकदा पलीकडचा किनारा आडवा केला, तर सगळ्या डोलकाठ्या झिंगल्यासारख्या दिसू लागल्या. किनारा आपल्यापासून लांब जात असेल तर तो तिरकाच दिसणार. अशा वेळी फोटोच्या मधोमध असलेला एखादा दिवा आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब उभ्या रेषेत आणा. तेवढं पुरतं.