अटॅकनंतर नाडी नव्वदच्या वर जात नाही

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, स्टेंट टाकला. मेटोप्रोलॉल चालू आहे. बसल्या जागी नाडी ५८ असते, तलावपाळीला भरभर फेरी मारली तरी नव्वदच्या वर जात नाही. घड्याळात ‘एचआरव्ही’ (दोन ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार) २४ दिसतो. पन्नासच्या खाली म्हणजे धोका, असं वाचलं. गोळी कमी करावी का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : गोळी स्वतःहून कमी करू नका, बंद तर मुळीच नको. एकदम बंद केल्यास नाडी आणि रक्तदाब उसळतात, पुन्हा अटॅकही येऊ शकतो.

मज्जातंतूंचा ताबा काढून घेतला, तर हृदयातला सायनस नोड स्वतःच्या लयीत मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. विश्रांतीत ते साठ-सत्तरवर राहतात, कारण व्हेगस मज्जातंतू सतत ब्रेक दाबून असतो. वेग वाढवण्याचं काम सिंपथेटिक मज्जातंतूंचं. अटॅकमध्ये स्नायूचा काही भाग मरतो, तिथून मेंदूकडे जाणारे संदेश बिघडतात. पंपिंग कमी पडलं की शरीर ॲड्रिनॅलिनवर भर देतं. व्हेगस दबतो, सिंपथेटिक वरचढ होतो, आणि अशा हृदयात ठोक्यांची जीवघेणी गडबड लवकर सुरू होते. मेटोप्रोलॉल हाच जोर अडवतं. भोवळ किंवा थकवा नसेल तर ५८ आणि ९० हे गोळी काम करत असल्याचं लक्षण आहे. ‘२२० वजा वय’ हा कमाल नाडीचा हिशेब इथे लावू नका.

एचआरव्हीची ५० मिलिसेकंदांची मर्यादा २४ तासांच्या होल्टर (अंगावर लावायचं ईसीजी यंत्र) नोंदीवरून आली आहे. घड्याळ थोड्या वेळाच्या नोंदीवरून, बहुतेकदा वेगळ्याच सूत्राने आकडा काढतं. दोन्हींची तुलना करून झोप घालवू नका.

नाडी सकाळी पाच मिनिटं शांत बसून, मनगटावर अंगठ्याखाली दोन बोटं ठेवून, पूर्ण ६० सेकंद मोजा. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग ठेवा. शेवटची ५ ते १० मिनिटं हळू चाला. बरेच जण इथेच चुकतात: दमले की सरळ बाकावर बसतात. पायांतलं रक्त तिथेच साचतं, रक्तदाब घसरतो, ॲड्रिनॅलिन मात्र अजून चढलेलं असतं.

व्हेगस किती सावरला, हे ट्रेडमिल टेस्टमध्ये कळतं. जोराच्या श्रमानंतर हळू चालताना पहिल्या मिनिटात नाडी १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनी उतरली, तर तो अजून मंद आहे. डॉक्टरांना हा आकडा जरूर विचारा. टेस्ट होईपर्यंत येऊरचा चढ नको; तलावपाळीचा सपाट रस्ता उत्तम.

नाडी ५० च्या खाली जाऊन भोवळ आली तर पुढच्या गोळीआधी डॉक्टरांशी बोला. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर लगेच १०८ ला फोन करा. रिक्षाने किंवा स्वतः गाडी चालवत जाऊ नका.