पार्सल गेलं कुठं?

मागच्या अंकात कुरिअर आणि घरपोच डिलिव्हरीबद्दलचे प्रश्न मागवले होते. एकाच तक्रारीची पत्रं एकत्र केली आहेत. कंपन्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. उपाय सगळीकडे जवळपास सारखाच असतो.

प्रश्न : नागपूरच्या मनीष नगरात राहतो, निवृत्त आहे, दिवसभर घरीच असतो. सकाळी मोबाइलवर 'आज डिलिव्हरी' येतं आणि रात्री आठला 'ग्राहक उपलब्ध नव्हते'. ना बेल, ना फोन. तीन दिवस हेच झालं आणि चौथ्या दिवशी पार्सल परत गेलं. काहून करतात हे लोक असं?

बहुतेक वेळा त्या दिवशी तुमच्या गल्लीत कुणी आलेलंच नसतं. हबमध्ये, म्हणजे कुरिअरच्या वाटप गोदामात, सकाळी प्रत्येक डिलिव्हरीवाल्याच्या नावानं यादी निघते, तिला रनशीट म्हणतात. यादीत पार्सल चढलं की तुमच्या मोबाइलवर 'आउट फॉर डिलिव्हरी' उमटतं, मग ते पार्सल अजून पोत्यात का असेना. संध्याकाळी यादी बंद करताना उरलेल्या प्रत्येक पार्सलपुढे काहीतरी कारण टाकावंच लागतं. 'वेळ पुरला नाही' असं टाकलं तर बोल हबला लागतो. 'ग्राहक नव्हते' टाकलं तर तो तुमच्या माथी जातो. तीन प्रयत्न नोंदले गेले की पार्सल आपोआप परतीच्या यादीत पडतं, त्याला आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात. त्या पोराला सहसा पोचवलेल्या पार्सलमागेच पैसे मिळतात, तेव्हा सगळा राग त्याच्यावर काढण्यात अर्थ नाही. यादी त्याच्या ताकदीबाहेर फुगवणारा आत हबमध्ये बसलेला असतो.

पण आधी तुमचा फोन तपासा. आजकाल डिलिव्हरीवाला स्वतःच्या नंबरवरून फोन करत नाही. कंपनीच्या यंत्रणेतून, तुम्हाला अनोळखी वाटणाऱ्या नंबरवरून कॉल येतो. मोबाइलमध्ये 'अनोळखी कॉल गप्प करा' ही सोय चालू असेल किंवा स्पॅम अडवणारं अ‍ॅप असेल, तर घंटी वाजतच नाही आणि तिकडे 'फोन उचलला नाही' अशी नोंद होते. पार्सल यायचं असेल त्या दिवशी ही सोय बंद ठेवा. ऑर्डरवर घरातला दुसरा नंबरही द्या.

दुसरी गोष्ट पत्त्याची. नागपूरच्या दक्षिणेकडच्या वस्त्या ले-आउटनं वाढल्या आणि प्रत्येक ले-आउटचे प्लॉट नंबर एकपासून सुरू होतात. 'प्लॉट ४५, बेसा रोड' असं लिहिलं तर तसे तीन-चार प्लॉट सापडतील. पत्ता या क्रमानं लिहा: फ्लॅट, इमारत, प्लॉट नंबर, ले-आउटचं किंवा सोसायटीचं नाव, जवळचा चौक, पिनकोड. 'हनुमान मंदिराजवळ' लिहिणार असाल तर कुठलं मंदिर तेही लिहा. आपल्याकडे दर दुसऱ्या चौकात मारुती आहे. पत्ता लांबला की लेबलवर त्याचं शेपूट कापलं जातं, म्हणून खुणेची जागा शेवटी टाकू नका. अ‍ॅपमध्ये नकाशावरची खूण पलंगावर बसून लावू नका, फाटकाबाहेर उभं राहून लावा. टपाल खात्यानं मे २०२५मध्ये डिजिपिन आणला आहे. दहा अक्षर-अंकांचा हा कोड साधारण चार मीटर लांब-रुंद चौकोन नेमका दाखवतो. तो काढून ठेवा आणि विचारला तर सांगा.

आता खोटी नोंद आलीच तर त्याच रात्री हालचाल करा. पहिल्या खोट्या नोंदीला गप्प बसलात की दुसरी आणि तिसरी आपसूक येते. नोंदीचा स्क्रीनशॉट घ्या, वेळ दिसली पाहिजे. त्या दिवसाच्या कॉल-यादीचाही घ्या. मग चॅटवर किंवा मेलवर एवढंच लिहा : 'प्रयत्नाची वेळ, ज्या नंबरवरून कॉल केला तो नंबर आणि त्या वेळचं लोकेशन कळवा.' फोनवर भांडू नका. फोनवर बोललेलं नंतर सिद्ध करता येत नाही. हा प्रश्न लेखी गेला की दुसऱ्या दिवशी पार्सल येण्याची शक्यता पुष्कळ वाढते, कारण पोराच्या फोनवरून लोकेशन नोंदलं गेलेलं असतं आणि हबला ते माहीत असतं.

घाई असेल तर हबवर जाऊन स्वतः घेता येतं का ते विचारा. अमरावती रोडवर वाडीकडे अशी बरीच गोदामं आहेत. एअरवे बिल नंबर, म्हणजे पार्सलचा ट्रॅकिंग नंबर, आणि मूळ ओळखपत्र बरोबर ठेवा. सकाळी गाड्या सुटायच्या आत किंवा संध्याकाळी पोरं परतल्यावर जा. भर दुपारी गेलात तर तुमचं पार्सल नेमकं तुमच्याच गल्लीच्या वाटेवर असायचं. 'आरटीओ' एकदा लागलं की मात्र थांबवणं अवघड असतं. मग पैसे परत घेऊन नवी ऑर्डर द्या, ते लवकर होतं.

प्रश्न : प्रताप नगरच्या पत्त्यावर मागवलेली वस्तू आठ दिवस मुंबईत सायनला फिरत होती. असं कसं?

पिनकोड बघा. प्रताप नगर ४४००२२, सायन ४०००२२. एका आकड्याचा फरक. छाननी यंत्र पिन वाचतं, पत्त्यातलं 'नागपूर' वाचत नाही. धंतोली ४४००१२ आणि परळ ४०००१२ ही अशीच दुसरी जोडी. चुकलेला पिन ट्रॅकिंगमध्ये पहिल्या दोन दिवसांतच कळतो: नागपूरचं पार्सल भिवंडीहून पुढे मुंबईकडे निघालं की समजा. तेव्हाच पाठवणाऱ्याला कळवा. पिन तो दुरुस्त करू शकतो, तुम्ही नाही.

प्रश्न : दुपारी ३.४० ला 'डिलिव्हर्ड' दाखवलं. घरी कुणी आलं नाही, वॉचमनकडेही नाही. कंपनी म्हणते ओटीपी दिला आहे, म्हणजे मिळालंच. तासाभरापूर्वी फोनवर कुणीतरी 'पत्ता पक्का करायचाय' म्हणून ओटीपी मागितला होता, तो मी दिला. आता काय?

ओटीपी म्हणजे पोचपावतीवरची तुमची सही. वस्तू हातात येण्याआधी तो कुणालाही द्यायचा नाही. पत्ता पक्का करायला ओटीपी लागत नसतो.

तरीही सगळं हातचं गेलं असं नाही. थोडं थांबा, काही पोरं इमारतीच्या दाराशी आल्यावर आधी 'डिलिव्हर्ड' दाबतात आणि मग वर येतात. संध्याकाळपर्यंत आलं नाही तर त्याच दिवशी तक्रार नोंदवा आणि पोचपावती मागा: ती नुसती 'हो, दिलं' नको, तर सही किंवा फोटो, ओटीपी कुठल्या वेळी टाकला ती वेळ आणि त्या क्षणाचं लोकेशन. ओटीपी टाकला तेव्हा पोरगा तुमच्या इमारतीपासून दोन किलोमीटरवर होता असं निघालं, तर 'ओटीपी दिला' या एका वाक्यावर त्यांना फार काळ उभं राहता येत नाही. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं ३.३० ते ४ मधलं चित्रण लगेच काढून घ्या. बहुतेक यंत्रांवर काही दिवसांत जुनं पुसून नवं चढतं.

वस्तू ऑनलाइन दुकानातून घेतली असेल तर कुरिअरच्या मागे लागू नका. पैसे तुम्ही दुकानाला दिलेत, जबाबदारी दुकानाची. ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांनुसार त्यांच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रार मिळाल्याचं कळवायचं असतं आणि एक महिन्यात निकाल द्यायचा असतो. त्याचं नाव साइटवर असावंच लागतं, तळाशी बारीक अक्षरात शोधा. तिथं दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, फोन मराठीतही चालतो. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते, वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षं. कंपनी बेंगळुरूची असली तरी तुम्ही राहता नागपुरात, म्हणून तक्रारही नागपुरातच करता येते.

प्रश्न : घरगुती लोणची करून पुण्या-मुंबईला पाठवते. काचेच्या बरण्या फुटतात, तेल गळून खोका भिजतो. भरपाई मागितली तर पावतीमागचा '१०० रुपयांपुरती जबाबदारी' हा छाप दाखवतात. 'फ्रजाइल' स्टिकर लावूनही हीच गत.

स्टिकरवर विसंबू नका. पोती पट्ट्यावरून जातात, एकावर एक रचली जातात. तिथं बाणाचं तोंड वर आहे की खाली हे बघायला कुणाला सवड नसते. खोका किमान कमरेइतक्या उंचीवरून, कुठल्याही बाजूवर पडणार असं धरूनच बांधा.

काच सोडून देता आली तर उत्तम. जाड पेट (प्लास्टिकची) बरणी आणि तोंडावर इंडक्शन सील, म्हणजे झाकणाखालची ती चांदीसारखी चकती. बरणी गळ्यापर्यंत भरू नका, वर दीड-दोन सेंटिमीटर जागा ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत तेल आणि हवा दोन्ही फुगतात, आणि गच्च भरलेल्या बरणीचं झाकण तिथंच उचललं जातं. प्रत्येक बरणी वेगळ्या झिप पिशवीत, पिशवीत वर्तमानपत्राचा बोळा. गळलं तर तिथंच शोषलं जाईल. खोका पाच पदरी पुठ्ठ्याचा घ्या. किराण्याच्या दुकानातला वापरलेला, कोपरे मऊ पडलेला नको. बरणी आणि भिंत यांच्यात सगळीकडून पाच सेंटिमीटर भराव, आणि दोन बरण्या एकमेकींना टेकता कामा नयेत. बंद करून कानाजवळ हलवा. आत काहीही हललेलं ऐकू आलं तर पुन्हा उघडा. टेप दोन इंची, मधली फट आणि दोन्ही कडा मिळून इंग्रजी 'एच'सारखा आकार व्हावा, वर आणि खाली दोन्हीकडे. आत एका चिठ्ठीवर दोन्ही पत्ते ठेवा. तेलात लेबल सुटलं तर तीच चिठ्ठी पार्सल वाचवते.

खोका मात्र गरजेपुरताच मोठा घ्या. दर वजनावर किंवा आकारमानाच्या वजनावर, जे जास्त असेल त्यावर लागतो: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले साधारण ५०००. ३० × २५ × २० चा खोका म्हणजे ३ किलो. आत अडीच किलो असलं तरी बिल ३ किलोचं येतं.

भरपाईचं थोडं किचकट आहे. तुम्ही सही केलेल्या पावतीवर जबाबदारीची मर्यादा लिहिलेली असेल तर ती बांधील ठरते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६मध्ये भारती निटिंग प्रकरणात म्हटलं आहे. तुमची सहीच नसेल, मागे नुसता बारीक छाप असेल, तर वाद घालायला जागा उरते. रस्त्यानं जाणाऱ्या मालाला २००७चा कॅरेज बाय रोड कायदा लागतो आणि त्यात कुरिअरही येतं. त्याच्या नियमांत भरपाई भाड्याच्या दहापट, पण पावतीवर जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. भाडं १२० रुपये असेल तर १२०० रुपयांपर्यंत. त्याहून महाग माल असेल तर बुक करतानाच किंमत लेखी जाहीर करून जादा दर भरावा लागतो. दावा लावायचा तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेलेली असली पाहिजे. ही मुदत फार जणांची हुकते. 'बघतो, करतो' ऐकण्यात सहा महिने जातात.

'तुम्ही व्यापारी, ग्राहक नाही' असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. स्वतःच्या कष्टानं उदरनिर्वाहासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसते.

घेणाऱ्यालाही एक सवय लावा : खोका उघडताना एकसलग व्हिडिओ. आधी लेबल, मग सहाही बाजू, मग टेप कापणं, मग आतलं. मध्ये थांबवलेला व्हिडिओ कंपन्या मानत नाहीत.

प्रश्न : रजिस्टर्ड पोस्ट बंद झालं म्हणतात. नोटीस कशानं पाठवायची?

१ सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. साधं स्पीड पोस्ट पत्त्यावरच्या कुणालाही दिलं जातं. ज्याचं नाव त्याच्याच हाती जायला हवं असेल तर काउंटरवर 'रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्ट' असं स्पष्ट सांगा. जादा ५ रुपये आणि जीएसटी लागतो. पावतीवरचा १३ अक्षरांचा नंबर जपून ठेवा. पार्सल अडलं तर टपाल खात्याचा टोल-फ्री १८००-२६६-६८६८.

प्रश्न : 'पत्ता अपुरा, पार्सल गोदामात अडकलं, ४८ तासांत दुरुस्त करा' असा संदेश टपाल खात्याच्या नावानं आला. लिंकवर थोडेसे पैसे मागतात. भरू का?

नाही. रक्कम मुद्दाम छोटी असते, तुम्ही कार्डाचा नंबर टाकावा म्हणून. टपाल खातं असे संदेश पाठवत नाही. तुमच्याकडे ट्रॅकिंग नंबर असेल तर लिंक सोडून अधिकृत साइटवर स्वतः टाकून बघा.

याचाच दुसरा प्रकार फोनचा. 'डिलिव्हरी बॉयचा नंबर लागत नाहीये, हा कोड डायल करा' आणि सुरुवात *४०१* किंवा *२१* ने. तो कोड कॉल फॉरवर्डिंगचा. तुमचे कॉल आणि बँकेचे फोनवरून येणारे ओटीपी त्यांच्याकडे वळतात. चुकून डायल केलाच असेल तर लगेच ##००२# डायल करा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. पैसे गेले असतील तर १९३० ला फोन, आधी बँकेच्या शाखेत जाण्यात तास घालवू नका. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आली तरच हाती लागते.